खुर्ची आणि स्टूल

मी बी. कॉम. आहे, तेही सेकंड क्लास. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे थोडं तत्त्वज्ञान येणार आहे आणि माल कोणत्या दुकानातला आहे हे गिऱ्हाइकाला माहीत असलेलं बरं. तत्त्वज्ञान हा विषय आम्हाला नव्हता. आम्हाला अकौंटन्सी होती. दोन्हींत फरक एवढाच की, अकौंटन्सीत दोन्ही बाजू जुळल्याशिवाय घरी जाता येत नाही. तत्त्वज्ञानात एकही बाजू जुळली नाही तरी माणूस वेळेवर घरी जातो आणि पोटभर जेवतो.

तर माझा प्रश्न असा: माणसानं खुर्चीवरून उठावं केव्हा?

बसावं केव्हा, हे सगळ्यांना उपजतच कळतं. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा म्हणून टेकणारा माणूस ती विद्या कुठल्या विद्यापीठात शिकलेला नसतो. घोळ होतो तो उठण्याचा. शास्त्रकारांनी वानप्रस्थाश्रम सांगून ठेवला आहे, पण पन्नाशी उलटल्यावर वनात निघालेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. पाहण्यात आहेत ते एक्स्टेंशनचा अर्ज कसा लिहावा हे विचारायला आलेले. गीतेनं कर्म आणि फळ यांची खाती वेगळी करून दिली, हे उपकारच. पण रिटायर होण्याचं वय तिथंही दिलेलं नाही. आमच्या बँकेत ते दिलेलं आहे. वर्षं साठ पूर्ण, त्या महिन्याची शेवटची तारीख, संध्याकाळी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. ज्या माणसाला उद्यापासून वेळेशी काही देणंघेणं उरणार नाही त्याला नेमकं घड्याळच का देतात, हे बावीस वर्षांच्या नोकरीत मला कळलेलं नाही. वर्गणी मात्र मी दर वेळी दिली आहे.

अण्णांनाही हेच मिळालं. अण्णा म्हणजे आमच्या शाखेचे हेडकॅशियर. शंभराचं बंडल नुसतं तळहातावर तोलून "यात नव्याण्णव आहेत" म्हणायचे आणि मोजल्या की नव्याण्णवच निघायच्या. नोटा मोजायचं यंत्र आलं तेव्हा अण्णा चार दिवस त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसे बघत होते. पाचव्या दिवशी यंत्राची एक नोट चुकली. त्या संध्याकाळी अण्णांनी सगळ्या स्टाफला स्वतःच्या खिशातून बटाटेवडे खिलवले.

निरोपसमारंभात आमचे साहेब म्हणाले, "अण्णा, ही शाखा तुमचीच आहे. केव्हाही या." हे वाक्य प्रत्येक निरोपसमारंभात म्हणायचं असतं. लग्नपत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापतात, त्यातलाच प्रकार. सगळा परिवार खरोखरच आला तर यजमानाला घाम फुटतो. अण्णांनी मात्र वाक्य शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना शटरसमोर अण्णा उभे.

पहिला आठवडा आम्हाला गंमत वाटली. दुसऱ्या आठवड्यात चहाचा एक कप वाढला. पुढे पुढे अण्णा कॅश काउंटरसमोरच्या बाकावर बसून आत सूचना देऊ लागले. "बाई, ती पाचशेची उलटी लागलीय." "बाई, रबरबँड दोन लावा." बाई म्हणजे नव्या हेडकॅशियर. वय तीस, कामाला चोख. पण तुमच्या पाठीमागे एक माणूस सतत तुमचं चोखपण तपासत बसला, तर चोख माणसाचेही हात कापायला लागतात. एका संध्याकाळी पाचशे रुपयांचा ताळा लागेना. बाकावरून आवाज आला, "पस्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं." पैसे पाच मिनिटांत सापडले. पण बाईंच्या डोळ्यांत जे पाणी आलं ते कुठल्या खात्यात लिहायचं?

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "तुमचं आणि त्यांचं जमतं. तुम्हीच सांगा." फाटकी नोट आणि अप्रिय काम यांचं एकच असतं. जो तो पुढच्याला देतो, आणि शेवटी ज्याच्या हातात राहतं तो क्लार्क असतो.

मी अण्णांना चहाला घेऊन गेलो. सरळ बोलायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "अण्णा, सध्या एसी बंद आहे, तुम्हाला उकाड्याचा त्रास होतो. त्यात आता ऑडिट येणार. बाहेरच्या लोकांनी बसलेलं चालत नाही हो त्यांना."

'बाहेरच्या' हा शब्द तोंडातून गेला. अण्णांनी कप बशीत ठेवला. "बरोबर आहे," म्हणाले, आणि चहाचे पैसे त्यांनीच दिले. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. ऑडिट त्यानंतर पाच महिने आलं नाही.

घरी सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर केलंत. कुणीतरी सांगायलाच हवं होतं." मग भाजी परतता परतता म्हणाली, "पण ऑडिटचं खोटं कशाला सांगितलंत?" ऑडिट बँकेत पाच महिन्यांनी आलं, घरी त्याच संध्याकाळी झालं.

हे सगळं माझ्या डोक्यात घोळत असताना शिकागोहून भाच्याचा फोन आला. तो तिथं विद्यापीठात शिकतो. म्हणाला, "मामा, मी आत्ता लायब्ररीत बसलोय ना, तिथं पूर्वी फुटबॉलचं मैदान होतं. त्याच्या स्टँडखाली जगातली पहिली अणुभट्टी चालवली. आणि मैदानाला ज्याचं नाव होतं तो फुटबॉलचा मास्तर वयाच्या शहाण्णवाव्या वर्षापर्यंत कामावर होता."

अणुभट्टीचं मला काही वाटलं नाही. पण शहाण्णव म्हटल्यावर मी ताठ बसलो. या माणसाच्या प्रॉव्हिडंट फंडाचं काय झालं असेल? बँकेतल्या माणसाचं कुतूहल असंच जागं होतं. पुढचे पंधरा दिवस मी त्या मास्तरविषयी मिळेल ते वाचत होतो.

त्याचं नाव अमोस अलोन्झो स्टॅग. जन्म १६ ऑगस्ट १८६२, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज गावी. वडील जोडे शिवायचे आणि पडेल ती मजुरी करायचे. पोरगा धर्मोपदेशक व्हायचं ठरवून येल विद्यापीठात गेला. खिशात पैसे नव्हते, म्हणून थंडीत शेगडीशिवायच्या माळ्यावर राहिला आणि कोरडी बिस्किटं खाऊन आजारी पडला. पण बेसबॉलचा चेंडू असा टाकायचा की पैसे देऊन खेळवणाऱ्या संघांनी त्याच्यापुढे थैली सोडली. यानं नाही म्हटलं. खेळ पैशासाठी खेळायचा नाही, हे त्याचं ठरलेलं. १८८९ साली देशभरातल्या कॉलेजांतून निवडक फुटबॉल खेळाडूंचा पहिला 'ऑल अमेरिका' संघ जाहीर झाला, त्यात याचं नाव होतं.

मग एक अडचण निघाली. चारचौघांत उभं राहून आपल्याला बोलता येत नाही, असं त्याच्या लक्षात आलं. म्हणून त्यानं धर्मोपदेशकी सोडून दिली. बोलता येत नाही एवढ्या कारणासाठी उपदेश करायचं सोडणारा माणूस मी प्रथमच ऐकला. आपल्याकडे ही अडचण कुणालाच आलेली नाही.

तिथून तो स्प्रिंगफील्डच्या व्यायामशिक्षकांच्या शाळेत गेला. त्याच शाळेत नेस्मिथ नावाच्या गुरुजींनी बास्केटबॉल नुकताच शोधून काढला होता. ११ मार्च १८९२ रोजी लोकांसमोर पहिला सामना झाला, गुरुजी विरुद्ध विद्यार्थी. गुरुजी ५-१ ने हरले. गुरुजींचा तो एकुलता एक गुण स्टॅगचा. विद्यार्थी अभ्यासातही इतके पुढे गेले असते तर गुरुजींना हरल्याचं दुःख झालं नसतं.

त्याच सुमारास रॉकफेलरच्या पैशातून शिकागोचं नवं विद्यापीठ उभं राहत होतं. अध्यक्ष हार्पर हे येलमधले स्टॅगचे शिक्षक. त्यांनी त्याला बोलावून सांगितलं, व्यायामविभाग सांभाळ, वर्षाला दीड हजार डॉलर देतो. स्टॅग विचारात पडून गप्प बसला. हार्परना वाटलं, गडी घासाघीस करतोय. ते दोन हजारांवर आले. स्टॅग अजून गप्पच. मग अडीच हजार आणि कायमची प्राध्यापकी. ही हकीकत स्टॅगनंच आपल्या आठवणींत सांगितली आहे. मी ती वाचून पगारवाढीच्या वाटाघाटींत गप्प बसण्याचा प्रस्ताव आमच्या युनियनपुढे मांडला. तो एकमतानं फेटाळला गेला. गप्प बसणं आमच्या घटनेत बसत नाही म्हणे.

आता हा फुटबॉल कसला, ते सांगायला हवं. तो आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लंबगोल, सोललेल्या श्रीफळासारखा. तो हातात घेऊन पळायचं, आणि पळणाऱ्याला बाकीच्यांनी जमिनीवर पाडून त्याच्या अंगावर पडायचं. पायाचं काम त्यात औषधापुरतं. चार पावलं खेळ झाला की सगळे थांबतात, डोक्याला डोकं लावून कोंडाळं करतात आणि पुढं काय करायचं याची मसलत करतात. ही कोंडाळ्याची पद्धत आणण्याचं श्रेय ज्यांना देतात त्यांत स्टॅगचंही नाव आहे. कामापेक्षा मीटिंग जास्त, हा प्रकार बँकेत अमेरिकेहूनच आला असावा असा मला पूर्वीपासून संशय होता.

१८९२ साली स्टॅग शिकागोत रुजू झाला. पहिल्या हंगामात खेळाडू कमी पडले तेव्हा मास्तर स्वतःच मैदानात उतरला. तिथून पुढे एकेचाळीस हंगाम तो त्या जागेवर होता. पाडण्याचा सराव करायला टांगलेलं गाठोडं त्यानं वापरात आणलं, नाना डावपेच काढले. दारू नाही, तंबाखू नाही, शिवी नाही. फारच चिडला तर खेळाडूला गाढव म्हणायचा. त्याहून चिडला तर डबल गाढव. त्याची बायको स्टेला प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना जाऊन त्यांच्या चाली टिपून आणायची. १९०५ साली तर त्यानं पराक्रमच केला. मिशिगनचा संघ ५६ सामने हरला नव्हता. त्याला शिकागोनं हरवलं, २-० असं.

आता इथं जमेची बाजू थांबते आणि नावेची सुरू होते, आणि ती न लिहिणं म्हणजे खोटा ताळेबंद. त्याच १९०५ साली 'कोलियर्स' साप्ताहिकानं, फुटबॉलचे विजय कॉलेजं विकत कशी घेतात यावर लेखमाला छापली. तिच्यात शिकागोचंही नाव होतं. त्या संघाचा हिरो एकरसॉल मैदानावर बहाद्दर आणि वर्गात कच्चा. पुरेसा अभ्यास नसताना त्याला प्रवेश मिळाला होता, आणि खेळायची वर्षं संपल्यावर डिग्री न घेताच तो बाहेर पडला. पैशासाठी खेळू नये म्हणणाऱ्या, शिवीसुद्धा न देणाऱ्या मास्तरच्या डोळ्यांसमोर हे झालं. मला हे वाचून धक्का बसला नाही, ओळखीचं वाटलं. खुर्ची मोठी झाली की माणूस स्वतः एक पैसा न खातासुद्धा काही गोष्टींकडे बघायचं विसरतो.

१९२४ नंतर शिकागोला विभागाचं विजेतेपद मिळालं नाही. मोठमोठी सरकारी विद्यापीठं पुढं गेली, आणि हार रोजची झाली. १९२९ साली हचिन्स हे विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, वय वर्षं तीस. विद्यापीठाचा नियम होता, सत्तरीला निवृत्ती. १९३२ च्या ऑगस्टात स्टॅगला सत्तर पूर्ण झाली. तो हंगाम शेवटचा ठरला. त्याला सल्लागारासारखं एक मानाचं पद देऊ केलं होतं, ज्यात मान होता, मैदान नव्हतं. त्यानं ते नाकारलं. आपण अजून मुलांना शिकवू शकतो, असं त्याचं म्हणणं.

इथं मी पुस्तक मिटलं आणि खिडकीत जाऊन उभा राहिलो. कारण मला दोन्ही बाजू बरोबर दिसत होत्या, आणि अकौंटन्सीच्या माणसाला हे फार वाईट.

हचिन्सचं बरोबर होतं. नियम कर्तबगार माणसासाठी मोडला की तो मोडलाच. मग प्रत्येकजण स्वतःला कर्तबगार समजतो. समजत नाही असा माणूस मी तरी साठीला पाहिलेला नाही. शिवाय ज्याच्या खुर्चीकडे आपण 'माझी' म्हणून बघतो, तिच्यामागं कुणीतरी तिशीचं उभं असतं, आणि त्याचे पाय आपल्यापेक्षा जास्त दुखत असतात. आणि स्टॅगचंही बरोबर होतं. रविवारी संध्याकाळपर्यंत येणारं काम सोमवारी सकाळी येईनासं होत नाही. नोटा तोलणारे अण्णांचे हात तीस तारखेला जे होते तेच एक तारखेला होते. जो नियम माणसाला खुर्ची सोडायला सांगतो, त्याला त्याचे हात मागायचा हक्क नाही.

मग सुटका कुठं? स्टॅगनं ती वादात शोधली नाही. तो कामावर गेला.

१९३३ साली, सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ बायकोला घेऊन कॅलिफोर्नियात स्टॉक्टनला आला आणि कॉलेज ऑफ द पॅसिफिक या छोट्या कॉलेजात नोकरीला लागला. १९३८ साली ते छोटं कॉलेज घेऊन तो शिकागोला खेळायला गेला. मैदानाला नाव त्याचंच. तिथं त्यानं आपल्या जुन्या विद्यापीठाला ३२-० नं हरवलं. माझ्या मनात नसत्या शंका आल्या, तुमच्याही येतील. पण मी त्या लिहीत नाही. पुढच्याच वर्षी मिशिगननं शिकागोला ८५-० नं धुतलं. १९०५ चे दोन गुण त्यांनी चौतीस वर्षांनी व्याजासकट वसूल केले. मी हिशेब केला, चक्रवाढीनं साडेअकरा टक्क्यांच्या थोडं वर पडतं. आमच्याकडे मुदतठेवीला आज एवढं मिळत नाही. तो हंगाम संपल्यावर विद्यापीठानं फुटबॉलच बंद करून टाकला. तो पुन्हा सुरू झाला तीस वर्षांनी, लहान प्रमाणावर. रिकाम्या पडलेल्या स्टँडखाली मग शास्त्रज्ञ शिरले. २ डिसेंबर १९४२ रोजी फर्मी यांच्या देखरेखीखाली तिथं अणूची पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया चालवली गेली. खुर्ची रिकामी झाली की तिच्यावर कोण येऊन बसेल, याचा भरवसा नाही तो असा.

इकडे मास्तर स्टॉक्टनमध्ये. १९४३ साली देशातल्या फुटबॉल मास्तरांनी त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम मास्तर ठरवलं. वय एक्क्याऐंशी. १९४६ चा हंगाम झाला आणि त्या कॉलेजनंही सांगितलं, आता पुरे. वय चौऱ्याऐंशी.

आता यापुढचं मी दोनदा वाचलं. चौऱ्याऐंशीचा मास्तर पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नावाच्या आणखी छोट्या कॉलेजात गेला. तिथला मुख्य मास्तर होता त्याचाच मुलगा. बाप त्याच्या जोडीला सहा हंगाम उभा राहिला. त्या काळातले विजय मुलाच्या खात्यावर जमा आहेत. बापाच्या नावावर तोवरचे ३१४ होते, आणि तो विक्रम १९८१ पर्यंत कुणी मोडला नाही. नव्वदी आली तेव्हा तो स्टॉक्टनला परतला आणि तिथल्या ज्युनियर कॉलेजच्या पोरांना चेंडूला लाथ कशी मारायची ते शिकवू लागला. एवढंच. सगळा संघ नाही, डावपेच नाहीत. ज्या खेळात पायाचं काम औषधापुरतं, त्यातलं ते औषधापुरतं काम. शहाण्णवाव्या वर्षापर्यंत ते केलं. १७ मार्च १९६५ रोजी, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी तो गेला.

मोठ्या विद्यापीठातून छोट्या कॉलेजात, छोट्यातून मुलाच्या हाताखाली, तिथून लाथ शिकवणारा. आयुष्यभर आपण जी शिडी चढतो, ती हा माणूस एकेक पायरी उतरत गेला, आणि प्रत्येक पायरीवर मैदानाकडे तोंड करून उभा राहिला. मानाची खुर्ची नाकारली, आणि स्टूल घेतलं. माझ्या डोक्यात त्या वेळी ताळा लागला. उठणं आणि काम सोडणं ही दोन खाती आहेत. आपण ती एकाच पानावर लिहितो, म्हणून बेरीज चुकते. ज्याचं खुर्चीवर प्रेम असतं त्याला उठवलं की तो संपतो. ज्याचं कामावर असतं तो स्टूल शोधतो. आणि कुणाचं कशावर आहे, हे तो खुर्चीवर बसलेला असेपर्यंत त्याला स्वतःलाही कळत नाही.

अण्णांचं कशावर होतं? मी कधी विचारलंच नव्हतं. मी त्यांना एसी बंद असल्याचं सांगितलं होतं.

नोव्हेंबर आला. नोव्हेंबरात पेन्शनर लोकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे बँकेला लेखी कळवायचं. शाखेत इतकी गर्दी होते की, शेवटच्या नंबरचा माणूस काउंटरपर्यंत पोहोचेस्तोवर दाखला खरा राहील की नाही अशी धाकधूक वाटते. त्या रांगेत अण्णा उभे होते. जिथं पस्तीस वर्षं बसले त्याच काचेच्या पलीकडे, हातात फॉर्म. त्यांच्यापुढं एक आजी फॉर्म उलटा धरून उभ्या होत्या. अण्णांनी तो हळूच सुलटा केला, खिशातलं पेन काढलं आणि भरायला लागले. मागून आणखी दोघांनी आपले फॉर्म पुढं केले.

मी आतून उठलो. रेकॉर्डरूममध्ये एक तीन पायांवर उभं असलेलं स्टूल होतं. ते आणून गिऱ्हाइकांच्या बाजूला, खांबाजवळ ठेवलं. चौथ्या पायाखाली गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची घडी घातली. म्हणालो, "अण्णा, बसा. महिनाभर हेच काम आहे. पगार नाही. चहा मिळेल."

अण्णांनी स्टुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्या दिवशी ऑडिट नव्हतं ना रे?"

"नव्हतं, अण्णा."

"मला माहीत होतं. ऑडिट कधी येतं ते मला नाही तर कुणाला माहीत असणार? सरळ सांगायचं होतंस. 'अण्णा, तुमच्यामुळे त्या मुलीला त्रास होतोय.' एवढंच. मी रागावलो असतो चार दिवस. पण मला बाहेरचा तरी वाटलं नसतं."

मी गप्प बसलो. स्टॅग गप्प बसला तेव्हा त्याचा पगार वाढला होता. माझं तसं काही झालं नाही.

अण्णा महिनाभर आले. स्टुलावर बसून त्यांनी किती जणांना कागदोपत्री जिवंत ठेवलं याची मोजदाद नाही. काचेच्या आत एकदाही बघितलं नाही. एकदा बाईच बाहेर येऊन म्हणाल्या, "अण्णा, हे बंडल जरा बघता? मशीन दर वेळी वेगळं सांगतंय." अण्णांनी तळहातावर घेतलं. म्हणाले, "शंभर आहेत. मशीनला विश्रांती द्या."

तीस तारखेला संध्याकाळी गर्दी संपली. अण्णांनी पेनाला टोपण लावलं आणि सवयीनं आतल्या दाराकडे वळले. "चल, ताळा लागतो का बघू."

माझ्या तोंडाशी एसी आला होता, ऑडिट आलं होतं. मी दोन्ही गिळले.

"नाही अण्णा. आत यायचं नाही. आता तो बाईंचा ताळा आहे."

अण्णा थबकले. मग मान हलवून हसले. "शिकलास," म्हणाले. "चौदा वर्षं आहेत ना तुला अजून? उपयोगी पडेल."

चहाचे पैसे त्या दिवशी मी दिले.